मायाप्पाची मेंढी

"मेंढी कुठं बांधू, बाई?"

मी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. लॅबच्या दारात मायाप्पा बंडगर उभा होता आणि त्याच्या खांद्यावर, उपरणं घ्यावं तशी, एक जिवंत मेंढी आडवी पडली होती. तिचे चारही पाय त्याने छातीपुढे एका मुठीत धरले होते. मेंढी शांत होती. मी नव्हते.

"अरे, मेंढी कशाला आणलीस? मी थोडं रक्त सांगितलं होतं. बाटली दिली होती ना तुला? खाटकाकडून भरून आण म्हटलं होतं."

"बाटलीतलं रगात कुनाचं, कुनाला ठावं?" मायाप्पा म्हणाला. "ही आपल्या कळपातली हाय. हिची आय मला ठावं, आजी ठावं. घ्या की किती घ्यायचं त्ये."

मी कपाळाला हात लावला. बाहेर व्हरांड्यात चाळीसेक माणसं रांगेत बसली होती, आणि मेंढीला बघून त्यांतल्या निम्म्यांनी आपला आजार विसरून माना लांब केल्या होत्या.

त्या वर्षी चैत्रात आमच्या तालुक्यात काविळीची साथ होती. माणदेशातला ट्रस्टचा दवाखाना, साठ खाटांचा, त्यात नव्वद माणसं झोपलेली. लॅबमध्ये आम्ही दोघी. त्यातली कालिंदी बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणजे उरले मी. शरयू फडतरे, वय एकतीस, मिरजेला कोर्स केलेली, आणि तीन आठवडे एकही सुट्टी न मिळालेली. रोज सत्तर-ऐंशी नमुने यायचे. डॉक्टरांनी पाठवलेले वेगळेच, पण साथीने घाबरलेली माणसं जाता-येता बाह्या वर करून दारात उभी राहायची. बाई, माझंबी जरा बघा. बाई, पोराचंबी बघा. नाही म्हणता म्हणता माझ्या नाकी नऊ आले. मग एका दुपारी मी पुठ्ठ्यावर तांबड्या शाईने पाटी लिहिली आणि दारावर ठोकली: 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय रक्त घेतले जाणार नाही.' पाटीखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. त्या रेघांचा मला त्या दिवसांत फार आधार वाटायचा.

मायाप्पा आला होता तो त्याच्या धाकट्या भावासाठी. धुळा बंडगर, वय एकोणीस, पैलवान. पाच दिवसांपूर्वी ताप घेऊन आला. गावातल्या डॉक्टरने कॅप्सूल दिल्या होत्या, त्यांनी ताप उतरला नाही, उलट अंगभर लाल पुरळ उठलं. घसा पांढरा झालेला, मानेत दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी. टायफॉइडची तपासणी केली, काही नाही. मलेरिया बघितला, काही नाही. शेवटी काचेवर थेंब पसरून, रंगवून बघितलं तेव्हा मात्र मी खुर्चीत सरळ झाले. पांढऱ्या पेशी मोठ्या, पसरट, कडांना निळसर. शेजारच्या लाल पेशींना टेकून त्या अशा वाकल्या होत्या, जसं पातळ पीठ तव्याच्या कडेला लागून वाकडं पसरतं.

मी डॉ. उपळेकरांना बोलावलं. पन्नाशीचा माणूस, साथीने त्याचंही पिठलं केलेलं. त्यांनी एका डोळ्याने बराच वेळ बघितलं.

"इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस," ते म्हणाले. "ग्रंथिज्वर. आपल्याकडे कोणी नाव घेत नाही म्हणून तो नसतो असं नाही. शरयूबाई, त्याची पॉल-बनेल तपासणी जमेल?"

"मिरजेला शिकताना दोनदा केली होती. पण मेंढीच्या लाल पेशी लागतील."

"माणदेशात मेंढीची काय वाण आहे?"

वाण नव्हतीच. ती आता माझ्या दारात उभी होती.

दवाखान्याच्या मागे बाभळीखाली आम्ही गेलो. मायाप्पाने मेंढी खाली ठेवली, तिला दोन गुडघ्यांत धरलं आणि हनुवटी वर उचलली. मी मानेवरची लोकर बाजूला केली, अंगठा दाबला, तशी शीर फुगून वर आली. सुई घातली तरी मेंढी हलली नाही. तो तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होता. सव्वीस-सत्तावीसचा असेल. कान पिळवटून बसलेले, मान खांद्यात रुतलेली, एके काळी तोही नावाचा पैलवान होता. लग्न झालं, वडील गेले, मेंढरं गळ्यात पडली, तसा त्याने लंगोट खुंटीला लावला आणि सगळा जीव धाकट्यावर लावला. हे सगळं मला त्याने न विचारता सांगितलेलं.

"बाई, मान्साच्या रोगाला मेंढीचं रगात कशापायी?"

रक्त गोठू नये म्हणून बाटलीत मी साखर-मिठाचं ठरावीक पाणी घातलं होतं. बाटली हलवत मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. या तापात माणसाच्या रक्तात असं काही तयार होतं, की ते मेंढीच्या लाल पेशींना एकत्र धरून त्यांच्या गुठळ्या करतं. का करतं, ते मलाही नीट माहीत नव्हतं.

"म्हंजी धुळ्याचं रगात आमच्या मेंढीच्या रगताला धरून ठिवतंय का, त्ये बघायचं."

"असंच समज."

"धरलं तर रोग."

"हो."

"आन् न्हाय धरलं तर रोग न्हाय."

"हो," मी म्हटलं. खरं उत्तर इतकं सरळ नव्हतं. पण मी दमले होते, आणि सरळ उत्तराला एकच शब्द लागतो.

मेंढी त्याने तिथंच बाभळीला बांधली. म्हणाला, पुन्हा लागलं तर? आठ दिवसांनी पुन्हा एकदा बघायचं असं डॉक्टर म्हणाल्याचं त्याने ऐकलं होतं. "असू द्या हितंच. मी रोज पाला टाकाया यीन. तेवढंच धुळ्याकडंबी हुईल."

रविवारी त्यांच्या गावची जत्रा होती. शेवटची मानाची कुस्ती धुळाची ठरलेली. कोल्हापूरच्या एका मोठ्या तालमीचे वस्ताद मुद्दाम त्याला बघायला येणार होते. पसंत पडला तर तिकडे घेऊन जाणार. दोन वर्षं या एका कुस्तीसाठी मायाप्पाने मेंढ्यांचं दूध, तूप, बदाम सगळं त्या पोराच्या पोटात ओतलं होतं. आणि डॉक्टरांच्या हाताला त्याच पोटात, डाव्या बरगडीखाली, तीन बोटं वाढलेली पानथरी, म्हणजे प्लीहा, लागली होती.

डॉक्टरांनी मायाप्पाला समोर बसवून सांगितलं होतं, मी तिथंच होते. "हा रोग असेल तर पानथरी पिकल्या चिक्कूसारखी होते. वरून कळत नाही. ताप उतरतो, माणूस हिंडू-फिरू लागतो, आणि पोटावर एक दणका बसला की फुटते. मग आमच्या हातात काही राहत नाही. महिनाभर कुस्ती नाही, जोर-बैठका नाहीत, घागरसुद्धा उचलायची नाही."

"आन् ह्यो रोग नसंल तर?"

"तर बघू."

दुसऱ्या दिवशी तो मेंढी घेऊन आला.

मेंढीचं रक्त मी मिठाच्या पाण्याने तीनदा धुतलं. धुळाच्या रक्तावर सुटलेला पिवळा द्राव अर्धा तास गरम पाण्यात ठेवला. मग नळ्या मांडल्या. पहिल्या नळीत सात पट पातळ, दुसरीत चौदा, मग अठ्ठावीस, छप्पन्न, एकशे बारा, आणि सहावीत दोनशे चोवीस. प्रत्येकीत मेंढीच्या पेशींचे थेंब. इनक्युबेटरचं दार लावलं आणि घड्याळ बघितलं. साडेअकरा. दीड वाजता बघायचं.

मधल्या वेळात काविळीचे नमुने होतेच. पाण्याला म्हणून वॉर्डाकडे गेले, तर धुळाच्या खाटेवर मायाप्पा बसलेला. हातात पितळी तांब्या, त्यात बदाम घोटलेली थंडाई. त्याने आधी स्वतः दोन घोट घेतले, तांब्या धुळाच्या तोंडाला लावला, धुळाने गिळताना तोंड वाकडं केलं, मग उरलेली मायाप्पाने संपवली. तांब्याच्या कडेला ओठ लावून, शेवटच्या थेंबापर्यंत.

"अरे, उष्टं काय पितोस त्याचं? हा रोग थुंकीतून जातो."

दोघेही हसले. धुळाला हसतानाही घसा दुखत होता.

"बाई, तालमीत एकच तांब्या अस्तुया," मायाप्पा म्हणाला. "वस्तादापास्नं बारक्या पोरापतुर. ज्येनं येगळं भांडं मागितलं, त्याच्यासंगं लढायचं कसं?"

"मग सगळ्या तालमीला ताप येईल."

"आल्ता की. म्हैन्यामागं दोघा-तिघांस्नी. हुतो, जातो."

एक वाजता तो लॅबच्या बाहेर बाकावर येऊन बसला. मी दारातून ये-जा करत होते. एकदा त्याने हटकलं.

"बाई, मग माझंबी बघा की. घसा चार दिस झालं धरलाय. मेंढीचं रगात उरलंयच."

चेष्टेत म्हणाला की खरं, ते मला तेव्हा कळलं नाही. माझ्या दोन्ही हातांत नळ्यांचे स्टँड होते. मागे एक म्हातारी सकाळपासून आपल्या नातवाचा रिपोर्ट मागत होती. मी मानेनेच पाटी दाखवली.

"चिठ्ठी आण डॉक्टरांची."

त्याने ओपीडीच्या रांगेकडे बघितलं. रांग फाटकापर्यंत गेली होती.

"ऱ्हाऊ द्या," तो हसून म्हणाला. "मला काय हुतंय."

दीड वाजता मी नळ्या बाहेर काढल्या. एकेक उजेडात धरून बोटाने हलकेच हलवली. पहिली. तळाला बसलेल्या पेशींचं तांबडं बटण सुटलं आणि धूर पसरावा तसं पाणी एकसारखं गुलाबी झालं. गुठळी नाही. दुसरी, तिसरी, सहावी. एकीतही नाही.

मी पुन्हा स्लाइड लावून बघितली. त्या वाकलेल्या निळ्या कडांच्या पेशी तिथंच होत्या. पुस्तक काढलं. पुस्तकात होतंच, आणि मला ते आधीही ठाऊक होतं: पहिल्या आठवड्यात ही तपासणी पुष्कळदा काहीच दाखवत नाही. रक्तात ते तयार व्हायला वेळ लागतो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा करावी.

आठ-दहा दिवसांनी. जत्रा पाच दिवसांवर होती.

डॉक्टर दारात आले. चष्मा कपाळावर, डोळे चोळत.

"झालं का?"

"बघतेय," मी म्हटलं.

"त्यांच्या गावच्या तालमीचे वस्ताद येऊन बसलेत माझ्या खोलीत. सरपंच आहेत. आणखी चौघे. पोराचा ताप आज शंभरवर आहे, उद्या उतरेल. म्हणतात, घेऊन जातो." ते दाराच्या चौकटीला टेकले. "शरयूबाई, नुसतं मला वाटतं म्हणून मी या माणसांना अडवू शकत नाही. मला काहीतरी कागद द्या. हातात कागद असला की मी अडवतो."

खोटं लिहा असं ते म्हणाले नाहीत. हे मी त्यांच्या वतीने आजही सांगेन. ते वळून गेले. मी फॉर्म ओढला आणि एकाही ठिकाणी न अडखळता लिहिलं: पॉल-बनेल तपासणी, पॉझिटिव्ह, दोनशे चोवीसास एक. खाली सही केली. नऊ वर्षांच्या नोकरीत थकव्याने, घाईने, अज्ञानाने माझ्या चुका झाल्या असतील. जाणूनबुजून खोटा आकडा तो पहिलाच. शेवटच्या नळीचा आकडा का लिहिला? लिहायचंच तर पक्कं लिहावं, एवढंच मनात होतं. मग त्या सहाही नळ्या मी नळाखाली धरून धुऊन टाकल्या.

त्या कागदाने काम केलं. वस्तादांनी तो उलटासुलटा करून बघितला. आवाज चढले, सरपंचांनी टेबलावर हात आपटला, पण मध्ये उभा राहिला तो मायाप्पा. मला हे नंतर सिस्टरनी सांगितलं. म्हणाला, "माझ्या मेंढीनं सांगितलंय. माझा भाऊ आखाड्यात उतरायचा न्हाय. गावाला काय बोलायचं त्ये मला बोला."

मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. खोटं बोलून इतकं बरं वाटू शकतं, याचं नवल वाटलं. धुळा मात्र माझ्याशी बोलेना. मी वॉर्डात गेले की तो भिंतीकडे तोंड करायचा. एकदाच म्हणाला, "बाई, तुमचं काय जातंय. कागदावर रेघ मारली आन् झालं." आणखी पाच दिवसांनी रागवायला तू जिवंत असशील, असं मनात म्हटलं.

मायाप्पा रोज यायचा. मेंढीला शेवरीचा पाला, भावाला थंडाईचा तांब्या. माझ्याकडे बघून लांबूनच हात जोडायचा. शनिवारी दुपारी तो लॅबच्या दारात आला. घशाभोवती टॉवेल गुंडाळलेला.

"उद्या जत्रा, बाई."

"धुळाला सोडू नकोस हं कोणी न्यायला आलं तरी."

"ह्या हातानं बांधून ठिवतो." मग जरा थांबून म्हणाला, "पर कुस्ती मोडायची न्हाय. मानाची हाय. कोल्हापूरचं लोक येनार. मोकळा आखाडा दावला तर गावाची मान खाली. कायतरी करतो."

"काय करणार?"

"करतो कायतरी," तो म्हणाला आणि मेंढीकडे गेला.

मी विचारायला हवं होतं. माझ्यासमोर अठरा नमुने होते आणि उद्याचा रविवार तीन आठवड्यांतली माझी पहिली सुट्टी होता. मनात दुसरं काही शिरतच नव्हतं. रविवारी मी दार लावलं, पडदे ओढले आणि झोपले. दुपारी उठून शिळी भाकरी खाल्ली, पुन्हा झोपले. दिवस कधी मावळला ते मला कळलंही नाही.

सोमवारी सकाळी फाटकातून आत शिरले तर मेंढी ओरडत होती. आठवडाभर तिने तोंड उघडलं नव्हतं. बाभळीभोवती दोरीचा वेढा पडून ती खोडाला चिकटली होती, आणि तिच्यापुढे पाल्याचं एक पानही नव्हतं. मी वेढा सोडवला, नळाचं पाणी बादलीत ठेवलं. मायाप्पाला जत्रेचा शीण चढला असेल, म्हटलं. येईल दुपारी.

त्या दिवशी मला एक काम उरकायचं होतं. धुळाचं रक्त पुन्हा घ्यायचं, पुन्हा नळ्या मांडायच्या, आणि माझा खोटा रिपोर्ट खरा होतो का ते बघायचं. डॉक्टरांना कळू न देता. मी वॉर्डात जाऊन रक्त काढलं. धुळा आज तोंड फिरवून नव्हता. उठून बसला होता.

"बाई, दादा आलाय का? मेंढी वरडत्या."

"नाही आला अजून."

"काल माझ्या जागी त्योच उतरला," तो म्हणाला. सहा दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू होतं. "चार वर्सानं लंगोट घातला. सिस्टर म्हनल्या, कुस्ती मारली म्हनं त्यानं. पर आला न्हाय अजून. सगळा गाव खांद्यावर घिऊन नाचवत असंल."

नळी माझ्या हातात होती. ती मी घट्ट धरली. सिस्टरकडे बघितलं तर सिस्टर दुसऱ्या खाटेची चादर सरळ करत होत्या, सरळच असलेली.

डॉ. उपळेकर लॅबमध्ये माझी वाट बघत उभे होते. दाढी वाढलेली, कालचाच शर्ट.

"काल पाचच्या सुमाराला जीपमधून आणला," ते म्हणाले. "कुस्ती जिंकून खाली बसला, पाणी मागितलं आणि डाव्या खांद्यात दुखतंय म्हणाला. पोट फळीसारखं. नाडी हाताला लागत नव्हती. रक्त जुळवायला नमुना काढला, तुम्हाला बोलवायला माणूस पाठवत होतो. तोवर गरजच उरली नाही."

"कशाने?" मी विचारलं. विचारायची काय गरज होती?

"पानथरी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "धाकट्याला अजून सांगितलेलं नाही. आई येतेय त्याची." दारापर्यंत गेले आणि थांबले. "त्याला काही होत असेल हे कोणाच्या डोक्यात आलं असतं, शरयूबाई? एवढा धडधाकट माणूस. कधी काही बोललाही नाही."



ते गेल्यावर मी फ्रिज उघडला. वरच्या फळीवर स्टँडमध्ये एकच नळी होती. तांबडं रक्त तळाला बसलेलं, वर पिवळा स्वच्छ द्राव. नळीला रबर लावून कागद गुंडाळलेला. डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात नाव होतं, मायाप्पा बंडगर, वय सत्तावीस, खाली तारीख, सही.

चिठ्ठी आली होती.

मी बाटली घेऊन बाभळीखाली गेले. मेंढीला धरायला कोणी नव्हतं. मी तशीच गुडघ्यावर बसले, तिची हनुवटी वर केली. ती हलली नाही. पहिल्यांदा शीर चुकली, सुई दुसऱ्यांदा घालावी लागली. आत येऊन रक्त तीनदा धुतलं. अर्धा तास गरम पाणी. नळ्यांच्या दोन ओळी मांडल्या, मागे धुळाची, पुढे मायाप्पाची. बाहेरची रांग कुरकुरत होती. मी पहिल्यांदाच दार आतून लावून घेतलं.

दोन तासांनी मागची ओळ बघितली. धुळाच्या पहिल्या नळीत गुठळी, दुसरीत गुठळी, तिसरीत, चौथीत. पाचवी साफ. आकडा तेवढा नव्हता, पण माझं खोटं खरं झालं होतं. आठवडाभर मी ज्याची वाट बघत होते ते हेच. मग पुढची ओळ. पहिलीत एकच जाड गोळा. दुसरीत, तिसरीत, चौथीत. पाचवीत. सहावी नळी मी खिडकीशी धरली आणि हलवली. तळाचं तांबडं सुटलंच नाही. तुकडे झाले, पुन्हा एकमेकांना चिकटले. मेंढीने आपल्या धन्याचं रक्त धरून ठेवलं होतं.

दोनशे चोवीसास एक. रिपोर्ट लिहिला. चिठ्ठी होती, म्हणजे रिपोर्ट लिहायला हवा. तो कोणाला द्यायचा हे मात्र त्या फॉर्मवर कुठं छापलेलं नव्हतं. मी तो घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि तिथून तो घरी आला. अजून माझ्याकडे आहे.

दारावरची पाटी त्याच दुपारी काढून टाकावी असं मनात आलं. काढली नाही. दार उघडल्यावर बाहेर साठ माणसं होती.

धुळाला महिन्याने घरी सोडलं. मधल्या काळात तो माझ्याशी बोलू लागला होता. रडायचाही माझ्याजवळच, कारण आईपुढे रडता येत नव्हतं. मेंढीला पाला मीच टाकत होते. जायच्या दिवशी तो लॅबच्या दारात येऊन उभा राहिला, बरोब्बर मायाप्पा उभा राहायचा त्या जागी. अंगावरचे कपडे सैल झालेले.

"बाई, एक इचारू?"

"विचार."

"वयनी म्हनत्या, त्याचा घसा लई दिस दुखत हुता. ताक प्याला की तोंड वाकडं करायचा. मला कदी बोलला न्हाय." तो पाटीकडे बघत होता, पण वाचत नव्हता. त्याला वाचता येत नव्हतं. "तुमच्यापाशी रोज यायचा. तुमाला कदी बोलला हुता का, बाई?"

माझ्या हातात तेव्हा काही नव्हतं. मागे कोणी रिपोर्ट मागत नव्हतं. साथ ओसरली होती, कालिंदी परत आली होती, मी रात्री नीट झोपत होते. दमले होते असं म्हणायलाही जागा नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "काही बोलला नाही."

त्याने बराच वेळ मान हलवली.

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. "म्हंजी त्येलाबी ठावं नव्हतं."

तो बाभळीकडे गेला. दोरी सोडली, खाली वाकला आणि भावासारखी मेंढी एका झटक्यात खांद्यावर घेतली. फाटकापर्यंत दहा पावलं गेला असेल. मग त्याला आठवलं, वजन उचलायचं नाही. त्याने वळून माझ्याकडे बघितलं, ओशाळून जीभ चावली, मेंढी जपून खाली ठेवली, आणि दोरीला धरून तिला चालवत घेऊन गेला.